उजव्या हातावरची मेंदी

"बारा झाली का गं तुला?" पांडूतात्यांनी तारेच्या कुंपणाआडून विचारलं.

"चौदा."

"मग तारेला नाक लावून काय उभी ऱ्हायलीस? बोर्ड वाच की. बाराच्या आतल्यांना प्रवेश, आन् ते पण उद्घाटन झाल्यावर. तू दोन्हीत बसत न्हाईस."

एवढं बोलून तात्या खराटा घेऊन पुन्हा रिकाम्या बागेतला पाला झाडायला लागले. रिकामीच म्हणायची. आत कुणीच नव्हतं. एक लाल घसरगुंडी, चार साखळ्यांचे झोपाळे, एक सिमेंटचा जिराफ, आणि मधोमध ती प्रचंड चिंच. गेटला कुलूप. बाहेर मी, आणि माझ्यासारखीच तारेला चिकटलेली पाच-सहा बारकी पोरं.

बोर्ड मला वाचायची गरज नव्हती, तो माझ्या बाबांनीच रंगवून घेतला होता. 'माळकोंडी नगरपरिषद. बालोद्यान. फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.' बाबा नगरपरिषदेत ओव्हरसीअर होते. गावात सगळे त्यांना साळवी ओव्हरशेर म्हणत आणि मला ओव्हरशेरची कुंदी. गेटच्या कुलपाची किल्ली आमच्या घरात, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली असायची. बागेची किल्ली घरात आणि मी तारेबाहेर, असा माझा मान.

माळकोंडीत येऊन आम्हाला वर्ष होऊन गेलं होतं. आम्हाला म्हणजे बाबांना आणि मला. आई चिपळूणलाच होती, माझ्या धाकट्या भावाला, मन्याला, घेऊन. ती सरकारी दवाखान्यात नर्स. बदली मिळत नाही, मन्याची शाळा मध्येच मोडायला नको, अशी कारणं मला सांगितली होती आणि मी ती गिळली होती. दिवाळीला आईला ड्यूटी लागली. मे महिन्यात मीच आठ दिवस चिपळूणला मामाकडे जाऊन तिला भेटून आले. निघताना स्टँडवर माझ्या केसांना तेलाचा हात लावत ती म्हणाली होती, "पंचमीला येते मी तिकडे. मेंदी काढते तुझ्या हातावर." गाडी सुटल्यावर मी खिडकीतून ओरडून पुन्हा विचारलं होतं, "नक्की ना?" तिनं मान हलवली होती. हो की नाही, ते धुळीत दिसलं नाही. मी आपलं हो धरलं.

आता पंचमीचं एवढं काय, तर माळकोंडीत पंचमी म्हणजे झोका. दिवाळी एक वेळ फिकी जाईल, पण पंचमी नाही. त्या चिंचेला एक आडवी फांदी होती, बैलासारखी दणकट. तिला जाड दोराचा नाडा बांधायचा, खाली फळी अडकवायची, आणि त्या फळीवर दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. एकीनं गुडघे वाकवून जोर लावायचा, मग दुसरीनं. असा तो झोका चढत चढत पार फांदीच्या वर जायचा. एकटीनं कुणी चढायचं नाही. लहान पोरी, नव्या सुना, नातवंडं झालेल्या बायका, सगळ्या जोडीनंच चढत. आणि जोडी ठरायची आदल्या दिवशी, मेंदीवरून. जिच्या हातावर जिनं मेंदी काढली ती तिची जोडीण. एकदा मेंदी रंगली की त्या पंचमीपुरती जोडी मोडायची नाही. मोडली तर दोघींचं पुढं कधी पटत नाही म्हणे.

मागच्या पंचमीला मी गावात नवी होते. घराच्या पायरीवर बसून लांबून नुसती गाणी ऐकली होती. ह्या वर्षी मला चढायचं होतं. दुसरं काही नको होतं. कुणीतरी माझ्या समोर, माझ्या पायांत पाय अडकवून उभं राहायला हवं होतं.

शाळेत मात्र माझ्या वाट्याला कुणी येईना. मी 'जात्ये, येत्ये' बोलायचे. आमच्याकडे तसंच बोलतात. पण नववीच्या वर्गात मी तोंड उघडलं की मागच्या बाकावरून कोरस यायचा, "कुंदा जात्ये! कुंदा येत्ये! कुंदा भात खात्ये!" शालन जगताप त्या कोरसची पुढारी. धिप्पाड, काळीसावळी, दोन वेण्या कमरेखाली. कबड्डीत मुलांनाही भारी. वाईट नव्हती हो, पण दुसऱ्याला लागतं हे तिला कळायचंच नाही.

त्यात भर पडली बागेची. ती बाग व्हायच्या आधी तिथं नुसता माळ होता. चिंचेचा माळ. शाळा सुटली की गावातली सगळी पोरं तिथं. मुलगे आट्यापाट्या खेळत, पोरी चिंचेखाली बसून चिंचा खात आणि साऱ्या गावाची उणीदुणी काढत. मग नगरपरिषदेला बालोद्यानासाठी पैसा मंजूर झाला. कुंपण आलं, जिराफ आला, बोर्ड आला, आणि सगळ्यात शेवटी कुलूप आलं. उद्घाटनाला मंत्री हवे होते. मंत्र्यांची तारीख मिळेना. उन्हाळा गेला, अर्धा पावसाळा गेला, घसरगुंडीला गंज चढायला लागला, तरी तारीख काही मिळेना. नगराध्यक्षांनी बाबांना बजावून ठेवलं होतं, मंत्रीसाहेबांच्या आधी आत कुणाचा पाय लागता कामा नये.

श्रावण लागला त्या आठवड्यात शालन मधल्या सुट्टीत माझ्या बाकापाशी आली. आपण होऊन.

"काय गं कुंदे, किल्ली तुझ्या घरात असती ना?"

"हो."

"मग पंचमीला आणशील? चिंच पडली आत. आमी झोका बांधायचा कुठं, तुझ्या बापाच्या डोसक्यावर?"

मागे हशा झाला. तिनं हातानंच सगळ्यांना गप्प केलं.

"ते बोर्डाचं पण सांग त्यास्नी. बाराच्या आतली म्हनं. बारा झाली की पोरी संपल्या का? बारकी पोरं काय, कुठं बी खेळत्यात. आमी जायचं कुठं? घरात बसलं तर आई धुणी घालती अंगावर. बाहेर उभं ऱ्हायलं तर लोक इचारत्यात, हितं काय करताय गं?" मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "किल्ली आण. तुझी जोडीण मी होते."

शालन जगताप! माझी जोडीण! तिच्याबरोबर झोका केवढा चढला असता. माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

"बाबांना विचारून सांगत्ये," मी म्हटलं.

झालं. वर्ग फुटला. "बापाला इचारून किल्ली चोरनार! अगं बाई गं!" शालनपण हसली आणि कपाळाला हात लावून निघून गेली.

मी काय मोठी सज्जन होते म्हणून नाही. खिळ्यावरची किल्ली मी दोनदा हातात घेऊन पाहिली होती. पण घरात आम्ही दोघंच. त्यातल्या एकाला फसवलं तर मग उरलं कोण? असा काहीतरी भितरा हिशेब असणार माझा.

विचारायची वेळ आलीच नाही, माझ्याआधी हौसाक्का विचारायला आल्या. हौसाक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या थोरल्या. गावातल्या बायकांचं कुठलंही काम त्यांच्यावाचून अडायचं. संध्याकाळी बाबा स्टोव्हवर भात टाकत होते, तेव्हा त्या मागे चार बायका घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"ओव्हरशेर, पंचमी आली."

"या ना, बसा."

"बसत न्हाई. एक दिवस गेट उघडा. सांजच्याला आमीच झाडून देतो. तुमच्या त्या उंटाला हात लावत न्हाई कुणी."

"जिराफ आहे तो," बाबा म्हणाले.

"आसंल. उघडताय?"

बाबांनी डाव धुतला, पुन्हा धुतला. ते कधी कुणाशी भांडत नसत. त्यांना ते जमायचंच नाही. "मला अधिकार नाही हो, आक्का. अध्यक्षांना विचारा."

"इचारलं. ते म्हनले ओव्हरशेरला इचारा."

"मला खरंच अधिकार नाही."

हौसाक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग भाताच्या पातेल्याकडे, कोपऱ्यातल्या अर्धवट सारवल्यासारख्या पुसलेल्या फरशीकडे, आणि शेवटी माझ्याकडे. "पोरीची आई कवा यायची?" त्यांनी विचारलं.

"पंचमीला येत्ये," मी पटकन म्हटलं.

बाबांनी भातावर झाकण ठेवलं. हौसाक्का त्यांच्याकडे बघून "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

रात्रीच्या जेवणात मी बाबांना सांगितलं, की आई आली की तिला झोक्यावर माझी जोडीण करणार. गेट बंद असलं तर घरामागच्या पिंपळाला बांधू. चालेल ना? बाबा म्हणाले, "बघू." बाबांच्या 'बघू'चा खरा अर्थ कळायला मला अजून थोडे दिवस लागायचे होते.

पंचमीचा आदला दिवस भावाचा उपास. मी मन्यासाठी कडक धरला, पाणीसुद्धा मोजकं प्यायले. तो तिकडे चिपळूणला दूधभात ओरपत असेल, आणि इकडे माझ्या पोटात कावळे. दुपारी बाबा घरी आले ते एक पिशवी घेऊन. आत मेंदीचा पाला. बागेच्या कडेनं त्यांनी मेंदीचं कुंपण लावलं होतं, त्याची छाटणी.

"एवढ्याला मंत्र्यांची हरकत नसावी," ते म्हणाले. बाबांच्या तोंडून विनोद म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. मी हसले आणि पाटा मांडला. पाला वाटला, कात घातला, लिंबू पिळलं.

गल्लीत ओट्याओट्यावर पोरी बसल्या होत्या, दोघी दोघी, एकमेकींचे हात मांडीवर घेऊन. मी दार लोटून घेतलं. खराट्याची काडी घेऊन डाव्या हातावर काढायला बसले. मधे सूर्य, भोवती ठिपके, बोटांना टोप्या. बरी जमली. पण डाव्या हातावर काढून झाल्यावर उजव्यावर काढणार कोण? माझा डावा हात म्हणजे नुसता शोभेचा. त्यातून तो आता ओला.

बाबा परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी डावा हात वर धरून बसले होते. वाटीत निम्मी मेंदी तशीच.

"हा राहिला की," त्यांनी उजव्या हाताकडे बोट दाखवलं.

"तो आईसाठी ठेवलाय. उद्या सकाळच्या गाडीनं येईल ना, तेव्हा काढेल. झोक्यावर जायच्या आत रंगेल थोडी तरी."

बाबांनी छत्री कोपऱ्यात ठेवली. चप्पल काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग ते माझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आण तो हात."

"तुम्हाला येते?"

"मोजमापं दे, काहीही काढतो."

मला खरं तर नको होतं. जागा आईची होती. पण नको कसं म्हणायचं? त्यांनी माझा पंजा स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, काडी पेन्सिलीसारखी धरली आणि रेघ ओढली. सरळ! पट्टीनं ओढल्यासारखी. मग तिला काटकोनात दुसरी. श्वास रोखून काढत होते. माझ्या मैत्रिणी, म्हणजे ज्या मैत्रिणी नव्हत्या त्या, हातावर मोर मिरवणार, आणि माझ्या हातावर बाबा नकाशा काढत होते.

"बाबा, हे काय?"

"हे गेट. ही पायवाट. ही घसरगुंडी, उत्तरेला तोंड करून. हे झोपाळे." बरोबर तळव्याच्या खळग्यात त्यांनी मोठा गोल ठिपका ठेवला. "आणि ही चिंच."

"आणि कुलूप?"

त्यांनी काडी वाटीत बुडवली. "कुलूप नकाशात दाखवत नाहीत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्टँडवर गेलो. मी नवा परकर-पोलका घातला होता आणि दोन्ही हात लालभडक रंगले होते. बाबांनी कचेरीला सुट्टी टाकली होती. मला नवल वाटलं, कारण ते तापातसुद्धा कचेरीत जायचे. चिपळूणची पहिली गाडी आली. धडाधड लोक उतरले. माहेरवाशिणी उतरल्या, त्यांना घ्यायला भाऊ आले होते. एक कोंबडीवाला उतरला. मी खिडक्याखिडक्यांतून डोकावले, मग आत चढून शेवटच्या सीटपर्यंत जाऊन आले. कंडक्टर म्हणाला, "काय हरवलं गं पोरी?"

"पुढच्या गाडीनं येईल," मी बाबांना सांगितलं.

"थांबू," बाबा म्हणाले.

आम्ही बाकावर बसलो. बाबांनी मला भुईमुगाच्या शेंगा घेऊन दिल्या. दुसरी गाडी आली. तिच्यातून तर फारसं कुणी उतरलंच नाही. सणाचा दिवस, ज्यांना पोचायचं ते पोचले होते. स्टँड हळूहळू मोकळा झाला. रसवंतीवाल्यानंही फळ्या लावून घेतल्या. दुपारच्या गाडीला मी उठलेसुद्धा नाही, बसल्या जागेवरून पाहिलं. बाबा मात्र उठले, गाडीला एक पूर्ण फेरी मारून आले आणि म्हणाले, "चल, कुंदा."

मी रडले नाही. मला राग आला होता, आईचा, एसटीचा, मन्याचा, सगळ्यांचा. उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट आवळली होती, की नखं रुतली.

येताना वाटेत माळ. गेटसमोर ही गर्दी! नव्या साड्या, गजरे, हातांत लाह्यांची ताटं. हौसाक्कांच्या खांद्यावर नाड्याचं वेटोळं. शालन आपल्या जोडिणीसह, मागच्या बाकावरच्या फुलाबरोबर, कुंपणावर पाय ठेवून उभी. पांडूतात्या आत, केविलवाणे.

"ताई, आक्का, बघा, माझी नोकरी हाय वो," ते सगळ्यांना सांगत होते.

बाबांना पाहून बायका गप्प झाल्या. कुणी वाट दिली नाही, पण कुणी अडवलंही नाही. मला वाटलं, बाबा खाली मान घालून निघून जातील. ते तेच करत आले होते. त्यांनी खिशात हात घातला आणि किल्ली काढली. सकाळपासून खिशातच होती ती. खिळा रिकामा आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

कुलूप गंजलं होतं. दोनदा झटका द्यावा लागला.

"तात्या," बाबा गेट ढकलत म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगा, साळवींनी उघडलं."

बायकांचा जो लोंढा आत घुसला! बारकी पोरं घसरगुंडीकडे धावली, एक जण पडला, एक रडला, जिराफाच्या मानेवर तीन जण चढले. हौसाक्का मात्र गेटात थांबल्या. त्यांची नजर माझ्या हातांवर पडली. त्यांनी माझा उजवा हात धरून उलटा केला.

"हे गं काय? कुणी काढली ही आसली?"

"बाबांनी."

"ओव्हरशेरनी?" त्या खदाखदा हसल्या. "आगं बायांनो, बघा गं! ओव्हरशेरनी मेंदी काढली! म्हंजी आता तेच तुझी जोडीण!"

सगळ्या हसल्या. बाबा लाजून लाल झाले आणि घसरगुंडीचे नटबोल्ट तपासायला लागले. त्या दिवशीच्या कुलपाची किंमत त्यांना पुढं मोजावी लागली. दिवाळीच्या आत बदलीचा कागद आला आणि आम्ही पुन्हा बोचकी बांधली. पण ते नंतर.

दुपारभर झोका थांबला नाही. फांदी करकरत होती, नाडा चरचरत होता, आणि वरून गाण्यांचा नुसता पाऊस. नव्वदीच्या एक आजी चढल्या, त्यांची जोडीण पंच्याऐंशीची. दोघींनी एवढा चढवला की सुनांनी डोळे झाकले. शालन आणि फुला तर फांदीच्याही वर गेल्या. मी चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी होते. एवढ्या माणसांत उभं राहून एकटं वाटणं हे घरातल्या एकटेपणापेक्षा वाईट. घरात निदान कुणी बघत तरी नसतं.

शालन घामाघूम उतरली. माझ्यापाशी आली, माझा हात बघितला. या खेपेला हसली नाही.

"आई न्हाई आली व्हय?"

मी मान हलवली.

"मी घेतली असती गं तुला. पण जोडी मोडत न्हाईत आजच्या दिशी." मग जरा घुटमळून म्हणाली, "पुढच्या साली मी काढते तुझ्या हातावर. आत्ताच सांगून ठेवते."

मला ते खूप आवडलं. आणि त्यानंच जास्त वाईट वाटलं.

ऊन उतरलं तशा बायका पांगल्या. बोलल्याप्रमाणे हौसाक्कांनी सगळा माळ झाडून घेतला. नाडा तेवढा उद्या सोडू म्हणाल्या. झोका रिकामाच हलत राहिला. आत आम्ही तिघंच उरलो. तात्या गेटाजवळ बिडी ओढत बसले होते. बाबा चिंचेखाली आले. त्यांनी नाडा ओढून पाहिला, फांदीकडे पाहिलं, फळीवर पायानं दाब देऊन पाहिला. मला वाटलं, ओव्हरसीअरची तपासणी चालली आहे.

मग त्यांनी चपला काढून शेजारी शेजारी नीट ठेवल्या आणि फळीवर चढले.

"ये," म्हणाले.

"बाबा, बायकांचा असतो तो."

"आक्का म्हणाल्या ना. मेंदी मी काढली आहे."

तात्या लांबून ओरडले, "साहेब, बोर्ड वाचला का? बाराच्या आतल्यांना!" आणि स्वतःच हसत सुटले.

मी चढले. त्यांच्या पावलांच्या मधे माझी पावलं. नाडा धरला. आमच्या दोघांच्या नाकांत वीतभर अंतर. इतक्या जवळून मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. दाढी नीट झाली नव्हती. हनुवटीखाली पांढरे केस होते.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"गुडघे वाकवा. मग सरळ व्हा. मग मी."

त्यांना काही केल्या जमेना. माझी पाळी असताना ते वाकत, त्यांची असताना मीच. झोका कडेकडेनं भरकटत होता. "अहो, थांबा ना! आता मी!" मी ओरडत होते आणि मला हसू येत होतं. मग एकदाचा सूर लागला. ते वाकले की मी वर, मी वाकले की ते वर. कुंपण खाली गेलं, बोर्ड खाली गेला, पलीकडे स्टँडचा पत्रा दिसला. स्टँडवर संध्याकाळची चिपळूणची गाडी उभी होती. सगळी माणसं उतरून गेलेली, रिकामी.

आणि त्या क्षणी मला कळलं. हा माणूस कुणाच्या जागेवर उभा आहे, ते कळलं. जिची जागा तिच्यासाठी राखून ठेवायची असते तिथं दुसरा कुणी चढत नाही.

"आई येणारच नव्हती ना?" मी विचारलं.

बाबा गुडघे वाकवायचे थांबले. "नाही."

"पुढच्या पंचमीला?"

"नाही बाळ. ती तिकडेच राहणार आहे. मन्या तिच्याकडे, तू माझ्याकडे. तसंच ठरलं आहे आमचं."

ठरलं आहे! आम्हाला वाटून घेतलं होतं. एक तिला, एक ह्यांना. बदली, शाळा, ड्यूटी, सगळी ती नुसती बोलायची कारणं, आणि मी वर्षभर दर सणाला दाराकडे डोळे लावून बसले होते.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"ती आज येणार नाही, हेसुद्धा?"

"हो."

"मग सकाळी स्टँडवर कशाला आलात? तीन गाड्या कशाला बघितल्यात?"

झोका मागे गेला, पुढे आला.

"तू एकटी थांबली असतीस," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. चांगलं भोकाड पसरलं मी, लहान पोरीसारखं, चौदा वर्षांची घोडी. त्यांनी मला जवळ घ्यायला हवं होतं, आणि त्यांना ते करायचंही होतं, दिसत होतं तसं. पण झोक्यावर हात सोडता येत नाहीत. दोघांचेही हात नाड्याला. ते नुसते माझ्याकडे बघत होते. त्यांचेही डोळे वाहत होते आणि पुसायची सोय नव्हती.

झोका मंद व्हायला लागला. गेटाकडून तात्यांनी हाक मारली, "साहेब, अंधार पडतोय. कुलूप लावू का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी नाक ओढलं आणि गुडघे वाकवले, कारण आता माझी पाळी होती.

"थांबा जरा, तात्या," बाबा म्हणाले आणि माझ्या पाठोपाठ त्यांनी जोर लावला.